पाऊस थांबला, तसे दहा

दिवाळीच्या फराळाबरोबर कबुलीजबाब देणे शोभत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीपण वाचकहो, एक कबुली देऊन टाकतो. आमच्या पिंपरी-चिंचवडच्या वाचनालयातील व्याख्यानमाला बंद करावी, या ठरावाच्या बाजूने मी हात वर केला होता.

घडलेही तसेच होते. एका विद्वान वक्त्यांना आम्ही पुण्याहून मोटार पाठवून आणले. हार, नारळ, शाल, सारे यथासांग. आणि समोर श्रोते किती? अकरा! त्यांत सात आम्ही कार्यकारी मंडळाचे, एक वाचनालयाचा शिपाई, दोघे वक्त्यांबरोबर आलेले आणि एक गृहस्थ पाऊस थांबण्याची वाट पाहत बसलेले. पाऊस थांबला, तसे दहा उरले.

"त्यापेक्षा दिवाणखाना स्पर्धापरीक्षेच्या मुलांना अभ्यासाला द्या," असे मंडळात निघाले. म्हणणे काही खोटे नव्हते. मीही भर घातली, "ऐकण्याची हौस पुण्याला. तिथे १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती अजून चालते. आपली नगरपालिकाच मुळी १९७० सालची. कारखान्यातून दमूनभागून आलेला माणूस व्याख्यान कशाला ऐकेल?"

कोपऱ्यात वही लिहीत बसलेल्या ग्रंथपाल बाईंनी मान वर केली. "साहेब, आपली व्याख्याने शनिवार-रविवारी. इथल्या पुष्कळ कारखान्यांना सुट्टी असते गुरुवारी. रविवारी संध्याकाळी तो माणूस मशीनवर उभा असतो. यायचे कोणी?"

आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. मंडळात कोणी बँकेतले, कोणी शाळेतले, कोणी कचेरीतले. आपला रविवार तोच साऱ्या गावाचा रविवार, असे आम्ही खुशाल धरून चाललो होतो!

"मला एक गुरुवार द्या," बाई म्हणाल्या, "आणि वक्ताही मीच ठरवीन."

बाईंनी ठरवलेला वक्ता पाहून मी कपाळाला हात लावला. आमचेच एक जुने वर्गणीदार! हिंदुस्थान अँटिबायोटिक्समधून निवृत्त झालेले. दर आठवड्याला एक रहस्यकथा न्यायची आणि मुकाट्याने परत आणून द्यायची, एवढीच त्यांची ओळख. त्या गुरुवारी ते इस्त्रीचा सदरा घालून आले, ते हातात बशी घेऊन. बशीत पावाचा बुरसटलेला तुकडा! पुढच्या रांगेतल्या बायकांनी नाकाला पदर लावले.

"ही बुरशी आपण फेकून देतो," त्यांनी सुरुवात केली, "पण हिच्याच एका बहिणीने लाखो माणसे वाचवली." मग १९२८ साली लंडनमध्ये फ्लेमिंगसाहेबांच्या काचेच्या बशीत शिरलेली बुरशी, तिच्यापासून मिळालेले पेनिसिलिन, १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पिंपरीत उभा राहिलेला सरकारी कारखाना, दुसऱ्याच वर्षी सुरू झालेले उत्पादन, असे सारे ते सांगत गेले. भल्यामोठ्या टाक्यांत बुरशीला साखर खाऊ घालायची, गाळून निर्जंतुक केलेली हवा द्यायची, ऊब सांभाळायची. "बाळंतिणीच्या खोलीसारखे जपावे लागे. एक परका जंतू आत शिरला, की टाकीच्या टाकी वाया!"

आणि मग त्यांनी जे सांगितले, ते ऐकून मी ताठ बसलो. पेनिसिलिन जंतू मारते, बुरशी मारत नाही. बुरशीवर चालणारे हमायसिन नावाचे औषध १९६१च्या सुमारास डॉ. थिरुमलाचार यांनी याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत शोधले. ते ज्या सूक्ष्म जीवापासून मिळाले, त्याचे शास्त्रीय नाव ठेवले, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. "म्हणजे आपली पिंपरी!" ते म्हणाले आणि प्रथमच हसले.

२०१६ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच कारखान्याच्या मैदानावर भरले होते. मी रोज मंडपात होतो. मैदानाच्या मालकाने गावाचे नाव शास्त्राच्या ग्रंथात नेऊन ठेवले आहे, याचा मला पत्ता नव्हता. कारखान्याची ती भरभराट आता राहिली नाही. सांगणारी माणसेही थकत चालली आहेत.

व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतून एक तरुण उठला. "बाबा, हे तुम्ही घरी कधी बोलला नाहीत."

"तू पहिल्या पाळीला, मी तिसऱ्या. बोलायचे केव्हा?" म्हातारा म्हणाला. सारे हसले. तो मात्र हसला नाही.

मुलगा चाकणला मोटारींच्या कारखान्यात आहे. तिथे यंत्राचे हात मोटारीचा सांगाडा कसा सांधतात, हे सांगायला बाईंनी त्याला पुढचा गुरुवार तिथल्या तिथे देऊन टाकला. पहिल्या रांगेत कोण बसणार, हे सांगायला नकोच.

ठराव अर्थात बारगळला. सकाळी दिवाणखान्यात मुले अभ्यास करतात, गुरुवारी संध्याकाळी खुर्च्या कमी पडतात. घरी आल्यावर मी हे सारे सौभाग्यवतींना रंगवून सांगितले. त्या शांतपणे म्हणाल्या, "गुरुवारची गोष्ट मला विचारली असती, तरी सांगितली असती. आपली मोलकरीण इतकी वर्षे गुरुवारीच सुट्टी मागते. तिचा नवरा त्या दिवशी घरी असतो."