तीन कोटी शब्द

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची नात चार वर्षांची आहे. बालवाडीला सुट्टी असली की आजीबरोबर येते. एकदा मीच शहाणपणा केला. म्हटलं, "मावशी, हिच्याशी खूप बोलत जा हो. त्यानं मुलं हुशार होतात."

मावशी भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "कवा बोलू ताई? सात घरची कामं. घरी जाईस्तोवर ती निजलेली आस्ती."

माझा सल्ला अर्थात उसना होता. हार्ट आणि रिस्ली या अमेरिकन संशोधकांनी कॅन्ससमधल्या ४२ घरांत दर महिन्याला तासभर, असं अडीच वर्षं मुलांशी होणारं बोलणं टेप केलं. १९९५ साली त्यावर पुस्तक आलं. उच्चशिक्षित, बऱ्या हुद्द्यावरच्या पालकांची मुलं तासाला सरासरी २,१५३ शब्द ऐकत होती, सरकारी मदतीवर जगणाऱ्या घरांतली ६१६. त्यावरून हिशोब मांडला की चार वर्षांपर्यंत तफावत तीन कोटी शब्दांची. हा आकडा जगभर गाजला.

पण मदतीवरची घरं ४२ पैकी फक्त ६ होती! पुढे २०१८ मध्ये डग्लस स्पेरी आणि सहकाऱ्यांनी घरातल्या इतरांचं आणि आजूबाजूचं बोलणंही मोजलं, तेव्हा गरीब वस्त्यांतले आकडे कितीतरी वर गेले. (नुसतं कानावर पडलेलं आणि मुलाशी बोललेलं सारखं नाही, असा त्यावरही आक्षेप आहेच. तो मला पटतो.)

त्यानंतर मी त्या पोरीचं बोलणं नीट ऐकायला लागले. परवा ओट्याखाली बसून आजीला सांगत होती, "नळाला पानी आलं व्हतं, पन त्या म्हातारीनं आपला हंडा मागं सारला. म्या परत फुडं ठिवला." अख्खी गोष्ट, भांडणासकट! माझ्या मुलानं त्या वयात एका दमात एवढं सांगितल्याचं मला तरी आठवत नाही. पण त्याचं 'पाणी' पहिल्या दिवसापासून शाळेचं 'पाणी' होतं. हिला बाईंनी मध्येच थांबवलं, "पानी नाही, पाणी म्हण." मावशी सांगत होत्या, तेव्हापासून ती वर्गात बोलतच नाही. आता ह्या न बोललेल्या शब्दांचा हिशोब कोणत्या रकान्यात धरायचा?

मावशींना सल्ला देणं मी बंद केलंय. रविवारची सुट्टी द्यायचं मात्र अजून माझ्याच्यानं झालेलं नाही.