जयणा आणि इन्व्हर्टरची बॅटरी



पावसाळ्यात जंगलातलं झाड तारांवर पडलं की वीज गेलीच, म्हणून आमच्या गोंडपिपरीत इन्व्हर्टर आता नवलाईचा राहिला नाही. पण "बारा व्होल्टनं काय होतंय?" म्हणत बॅटरी जोडणारे मला पटत नाहीत. हिशेब करा ना! ६०० वॉटचा भार म्हणजे १२ व्होल्टवर निदान ५० अँपिअर. म्हणून वायर जाड आणि आखूड हवी, नट घट्ट हवा. सैल जोड तापतो. शॉक बसत नाही हे खरं, पण पाना दोन्ही टोकांना एकदम टेकला तर ठिणगी उडून हात भाजतो. सोन्याच्या बांगडीचंही तेच. ती आधी काढा.

इन्व्हर्टर बंद, प्लग काढलेला. मग लाल वायर प्लसला, शेवटी काळी मायनसला. सोडवताना आधी काळी.

चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तेव्हा बंद कपाटात किंवा देवघरातल्या दिव्याजवळ ती नकोच. आदान-निक्षेपण समिती, म्हणजे वस्तू पाहून, जपून उचलणं-ठेवणं, सांगितली मुनींसाठी. पण ॲसिडच्या या डब्याला ती आपणही लावावी, असं माझं स्पष्ट मत आहे. खाली मुंग्या आहेत का बघा, जागा हलक्या हातानं झाडा, मगच बॅटरी टेकवायला सांगा.