आजीची खोली बघायला तिकीट?

शाळेत असताना सिस्टर आम्हाला गावदेवीच्या मणिभवनात घेऊन गेल्या होत्या. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की तिथे उतरायचे. दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली, चरखे, बैठक, सगळं काचेपलीकडे जपलेलं. जानेवारी १९३२ मध्ये त्यांना अटक झाली तीही त्याच घरातून.

पण १९३० च्या सत्याग्रहींना कुठे डांबलं होतं, माहितीये? वरळीच्या बीडीडी चाळींत! तिथे तात्पुरता तुरुंग केला होता. पुढे तिथेच माझी आजी लग्न होऊन आली. १६० चौरस फूट, माणसं नऊ, संडास कॉमन. (हॉस्टेलच्या रूमवरून कुरकुरणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

आता चाळी पाडून टॉवर होताहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. मिळायलाच हव्या होत्या, त्याबद्दल वाद नाही. पण १२१ चाळींपैकी एक तरी नीट जपा ना! नुसता दर्शनी भाग रंगवून नको. मोरी, माळा, गॅलरीतल्या दोऱ्या, सगळ्यासकट. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड स्ट्रीटवर गरीब भाडेकरूंच्या खोल्यांचं असंच म्युझियम आहे, आणि तिथे कुणी महात्मा राहत नव्हता.

आजीला हे सांगितलं तर ती हसायलाच लागली. "संडासाची लाईन पण दाखवणार का रे?"

म्हटलं, दाखवायलाच हवी.

"मग माझं टमरेल घेऊन जा."