नाटक पडलं, गाणं उरलं

"मूळ गाण्याची पार वाट लावली!" हे वाक्य आपल्या घराघरांत किती वेळा ऐकू येतं! टीव्हीवर गाण्याची स्पर्धा चालू असो, नाहीतर कोपऱ्यावरच्या गणपती मंडळात कुणी होतकरू नाट्यपद गात असो. गाणाऱ्याने एखादी जागा वेगळी घेतली की आमच्या पिढीतलं कुणीतरी मान हलवणारच. आमच्या नात्यात तर दोन-तीन जण यासाठी प्रसिद्धच आहेत. (नावं घेत नाही, ते हे वाचतात.)

माझं मत नेमकं उलट आहे. प्रत्येक बदल चांगलाच असतो असं मी म्हणणार नाही. पण ज्या गाण्याला हात लावायला कुणी धजत नाही, ते गाणं हळूहळू संपतं. आणि हात लावणाऱ्याने मूळ गाणं नीट पाठ केलेलं असेल, तर त्याला तो अधिकार आहे. एवढंच आज सांगायचं आहे. उदाहरण मात्र मुद्दाम लांबचं, न्यूयॉर्कचं घेते. घरचं घेतलं की लगेच तुम्ही अमक्या बुवांचे की तमक्या बुवांचे, अशा बाजू पडतात. लांबचं उदाहरण जरा शांतपणे बघता येतं.

न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवे नावाचा रस्ता आहे आणि त्याच्या आसपास नाटकांची थिएटरं आहेत. तिथे १९२० ते १९६० च्या दरम्यान संगीत नाटकांचा मोठा बहर होता. जेरोम कर्न, जॉर्ज गर्श्विन, कोल पोर्टर, रिचर्ड रॉजर्स हे त्या काळातले नामवंत संगीतकार. त्यांनी नाटकासाठी केलेली गाणी जॅझ वाजवणाऱ्यांनी उचलली आणि त्यांतली कित्येक आज 'स्टँडर्ड' म्हणून ओळखली जातात. स्टँडर्ड म्हणजे प्रत्येक जॅझवाल्याला यायलाच हवं असं गाणं. एकमेकांना कधीही न भेटलेले चार वादक रात्री एका क्लबात जमतात, एक जण गाण्याचं नाव आणि पट्टी सांगतो, आणि वादन सुरू होतं. आधी मूळ चाल वाजते. मग त्या चालीखालची जी स्वरसंगतींची चौकट असते, ती पुन्हा पुन्हा फिरत राहते आणि तिच्यावर एकेक जण स्वतःची भर घालतो. शेवटी सगळे मूळ चालीवर परत येतात. आपल्याकडे तालाचं आवर्तन असतं, तसं तिथे स्वरसंगतींचं आवर्तन असतं, असं म्हटलं तर कल्पना यावी.

आता दोन नाटकांची गोष्ट सांगते. दोन्हींचा संगीतकार एकच, जेरोम कर्न.

पहिलं नाटक 'सिटिंग प्रिटी', १९२४ सालचं. त्याची गाणी लिहिली होती पी. जी. वुडहाउस यांनी, होय, आपल्या जीव्हज्‌वालेच ते! त्या काळी डान्स बँड नाटकातली गाणी घेऊन आपल्या पद्धतीने वाजवत. कर्नना ते अजिबात खपत नसे. आपल्या चालींची मोडतोड होते म्हणून त्यांनी या नाटकातली गाणी बाहेर वाजवायला बंदी घातली. हॉटेलांत वाजवायची नाहीत, रेकॉर्ड काढायच्या नाहीत, रेडिओवर लावायची नाहीत. नाटकाचे ९५ प्रयोग झाले आणि ते बंद पडलं. त्यातलं एकही गाणं लोकांच्या तोंडी बसलं नाही. बसणार कसं? ऐकूच गेलं नाही.

दुसरं नाटक 'व्हेरी वॉर्म फॉर मे', नोव्हेंबर १९३९ चं. गीतकार ऑस्कर हॅमरस्टाइन. हे तर पहिल्यापेक्षाही वाईट पडलं, अवघे ५९ प्रयोग. ब्रॉडवेवरचं कर्न यांचं ते शेवटचं नवं नाटक. पण त्यात 'ऑल द थिंग्ज यू आर' नावाचं एक गाणं होतं. ते एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत इतक्या वेळा आणि इतक्या अलगद सरकतं की वादकांना त्याचं आव्हानच वाटलं. १९४५ च्या सुरुवातीला डिझी गिलेस्पी आणि चार्ली पार्कर यांनी ते रेकॉर्ड केलं. सुरुवातीला त्यांनी एक छोटा तुकडा जोडला होता, जो कर्न यांनी लिहिलेलाच नव्हता. आज जगभरचे वादक तो तुकडा गाण्याचाच भाग असल्यासारखा वाजवतात. नाटकाचं कथानक विचाराल तर सांगणारा माणूस शोधावा लागेल. गाणं मात्र आज रात्रीसुद्धा कुठल्या ना कुठल्या गावात कुणीतरी वाजवत असेल.

एकच संगीतकार, दोन्ही नाटकं पडलेली. एका नाटकाची गाणी जपून ठेवली ती गेली, दुसऱ्यातलं गाणं लोकांच्या हाती गेलं ते टिकलं. अर्थात दोन उदाहरणांवरून नियम सिद्ध होत नाही, एवढं मलाही कळतं. पण विचार करायला ती पुरेशी आहेत.

तिसरं उदाहरण तुमच्या ओळखीचं आहे. 'द साउंड ऑफ म्युझिक' आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. बाहेर वीज कडाडते, मुलं घाबरून खोलीत येतात आणि ज्युली अँड्र्यूज त्यांना आपल्या आवडत्या लहानसहान गोष्टींची यादी गाऊन दाखवते, 'माय फेव्हरिट थिंग्ज'. हा चित्रपट १९६५ चा. त्याआधी ते नाटक होतं. ते १६ नोव्हेंबर १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये रंगमंचावर आलं. संगीत रिचर्ड रॉजर्सचं, शब्द पुन्हा हॅमरस्टाइन यांचेच. नाटकात हे गाणं मुलांबरोबर नाहीच, तर मठात आहे. मारिया आणि मठाच्या प्रमुख बाई मिळून ते म्हणतात.

जॉन कोल्ट्रेन या सॅक्सोफोनवादकाने २१ ऑक्टोबर १९६० ला ते रेकॉर्ड केलं, म्हणजे नाटकाला जेमतेम वर्ष होत होतं आणि चित्रपटाला अजून चार-पाच वर्षं अवकाश होता. सोबत पियानोवर मकॉय टायनर, ड्रम्सवर एल्विन जोन्स, बासवर स्टीव्ह डेव्हिस. जेमतेम तीन मिनिटांचं गाणं साडेतेरा मिनिटांच्या पुढे गेलं. गंमत म्हणजे १९६१ च्या मार्चमध्ये निघालेल्या त्या तबकडीवरच्या चारही रचना मुळात रंगभूमीवरच्या आहेत. इतर तिघींपैकी एक कोल पोर्टरची, दोन गर्श्विनच्या.

हे वादन मी अनेकदा ऐकलं आहे. मला पाश्चात्त्य संगीताचं शास्त्र येत नाही, पण जे कानाला कळलं ते सांगते. मूळ गाणं तीन मात्रांचं, झुलणारं आहे. तो झोका त्यांनी सोडलेला नाही. पियानो दोनच स्वरसंगती आळीपाळीने धरून बसतो, जवळजवळ तानपुऱ्यासारखा. वर सरळ नळीचा सोप्रानो सॅक्सोफोन, त्याचा आवाज मला सनईच्या जवळचा वाटतो. चालीचा एक भाग वाजवायचा, मग त्या दोन स्वरसंगतींवर लांब फिरून यायचं, मग पुन्हा चाल. आणि मूळ गाण्यात सगळी भीती ओसरून मन शांत होतं तो जो शेवटचा भाग आहे, तो कोल्ट्रेन अगदी शेवटापर्यंत देतच नाही. तेरा मिनिटं थांबवतो आणि मग देतो. इतक्या वेळाने समेवर आल्यावर जे वाटतं, ते मराठी श्रोत्याला वेगळं समजावून सांगायला नको.

कोल्ट्रेनला आपल्या संगीताची ओढ होती, हे सर्वांना ठाऊक आहे. १९६१ मध्ये त्याने 'इंडिया' नावाची रचना वाजवली, आणि पंडित रविशंकरांवरून आपल्या मुलाचं नाव रवी ठेवलं.

आता तुम्ही म्हणाल, यात मूळ गाण्याचं काय राहिलं? प्रश्न योग्य आहे. पुढे पुढे तर तो हेच गाणं इतकं लांबवू लागला की १९६६ च्या जुलैमध्ये टोकियोत ते जवळजवळ तासभर चाललं. त्यात मूळ चाल शोधायला मलाही कष्ट पडतात आणि ते वादन मला पेलत नाही, हे कबूल करते. पण एक गोष्ट लक्षात घ्या. १९६० पासून ते एप्रिल १९६७ पर्यंत, म्हणजे चाळिसाव्या वर्षी मृत्यू येण्याच्या तीन महिने आधीपर्यंत, तो या एका गाण्याकडे परत परत येत राहिला. ज्याला एखाद्या गोष्टीची नुसती मोडतोड करायची असते, तो सात वर्षं तिच्याकडे परत येत नाही.

एका बाबतीत मात्र मन दुखतं. मी भाषेची शिक्षिका. या वादनात हॅमरस्टाइन यांचा एक शब्दही नाही. ते २३ ऑगस्ट १९६० ला गेले, रेकॉर्डिंगच्या दोन महिने आधी. 'ऑल द थिंग्ज यू आर'चे शब्दही त्यांचेच, आणि तेही बहुतेक वेळा नुसतं वाजवलंच जातं. गीतकाराचं हे नुकसान खरं आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण इथेही जुन्या जॅझवाल्यांची एक शिस्त होती. डेक्स्टर गॉर्डन नावाचा सॅक्सोफोनवादक संथ गाणं वाजवण्यापूर्वी त्याच्या ओळी श्रोत्यांना बोलून दाखवत असे. आपण काय वाजवतो आहोत, त्याचा अर्थ आधी आपल्याला ठाऊक हवा. सोडून द्यायचे तर शब्द माहीत असून सोडावेत, असा याचा अर्थ मी घेते.

नुकसान दुसऱ्या बाजूचंही आहे. अमेरिकेत साध्या रेडिओ केंद्रावर अशी तबकडी लागली की मानधन गीतकार-संगीतकाराला जातं, वाजवणाऱ्याला नाही. तेरा मिनिटांतली दहा मिनिटं ज्याने तिथल्या तिथे निर्माण केली, त्याचा त्यात वाटा नाही. त्यातून ही गाणी रचणारे बहुतेक गोरे आणि ती पुढे नेणारे बरेचसे कृष्णवर्णीय. ज्या हॉटेलांत आपण वाजवतो त्यांच्या पुढच्या दाराने आत शिरता येत नाही, असे दिवस त्यांतल्या कित्येकांनी काढले. तेव्हा 'आमच्या गाण्याची मोडतोड केली' ही तक्रार कुणी कुणाबद्दल करायची, हाही प्रश्नच आहे.

आपल्याकडे हा प्रवास जरा वेगळा झाला. १९१६ च्या 'स्वयंवर'साठी भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या, त्या पुष्कळशा आधीच्या चिजांवरून घेतलेल्या होत्या. म्हणजे मैफलीतलं गाणं नाटकात आलं आणि पुढे गवयांनी ते नाटकातून परत मैफलीत नेलं. वसंतराव देशपांडे एकच पद दोन मैफलींत सारखं गात नसत. मग 'मूळ चाल' म्हणायची तरी कोणती? आपल्याकडे मूळ चालीचा एवढा अभिमान बाळगणाऱ्यांनी हा प्रश्न एकदा स्वतःला विचारावा.

हे सगळं मला एवढं का लागतं, तेही सांगते. मी नोकरीत असताना एका स्नेहसंमेलनात सातवीतली एक मुलगी पाठ्यपुस्तकातली कविता म्हणायला उभी राहिली. शब्द अचूक पाठ. पण चाल वर्गात शिकवलेली नव्हती, घरी आजीच्या तोंडून ऐकलेल्या ओवीच्या वळणाची होती. मागच्या रांगेतल्या बायका चुळबुळ थांबवून ऐकायला लागल्या, हे मी पाहिलं. नंतर बोलताना प्रमुख पाहुण्यांनी "मूळ चाल बिघडवू नये" असं सर्वांसमोर सुनावलं. मी कार्यक्रम संपल्यावर त्यांना माझं मत सांगितलं, मुलीलाही जवळ घेऊन सांगितलं की तू फार छान म्हटलंस. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. पुढची तीन वर्षं ती आमच्या शाळेत होती, स्टेजवर पुन्हा चढली नाही. आजीची ती चाल नंतर कुणी म्हटली असेल का, कोण जाणे.

म्हणून नातवंडांच्या गाण्याला नावं ठेवणाऱ्या माझ्या आप्तेष्टांना एक विनंती आहे. आधी एवढंच विचारा, "बाळ, मूळ गाणं येतं का तुला?" येत नसेल तर खुशाल बसवून शिकवा, तिथे मी तुमच्या बाजूने आहे. पाठांतराला पर्याय नाही, हे मी अडतीस वर्षं वर्गात सांगत आले. पण येत असेल, तर पुढचं त्याचं त्याला करू द्या. ऐकून आवडलं नाही तर तसं प्रेमाने सांगा, फक्त चारचौघांत सांगू नका.

असो. कोल्ट्रेनचं ते १९६० चं वादन यूट्यूबवर सहज मिळतं. एका बैठकीत पूर्ण ऐका, मध्येच पुढे ढकलू नका. आणि तुमच्या घरी कुणी एखादं जुनं गाणं आपल्या वेगळ्याच चालीत म्हणत असेल, तर मला नक्की कळवा. जमलं तर ते म्हणून घेऊन फोनवर रेकॉर्डही करून ठेवा.