दोन कानांची गिटार

इलेक्ट्रिक गिटारला पिएझो पिकअपची जोड देणाऱ्या संचांच्या जाहिरातींत एक विधान हमखास आढळते. या जोडणीमुळे म्हणे एकाच वाद्यात इलेक्ट्रिक आणि अकूस्टिक असे दोन्ही नाद मिळतात. जोडणीला आमचा विरोध नाही. किंबहुना ती करून घ्यावी, अशाच मताचे आम्ही आहोत. आमचा आक्षेप आहे तो ‘अकूस्टिक’ या शब्दाला. मराठीच्या अध्यापकांनी या सोल्डरिंगच्या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. शब्द आणि वस्तू यांच्यातले अंतर मोजणे हा आमचा रोजचा व्यवसाय आहे, आणि येथे ते अंतर अक्षरशः एका बटणावर छापलेले असते.

मुळात इलेक्ट्रिक गिटार काय ऐकते हे पाहिले पाहिजे. १९३०च्या दशकाच्या प्रारंभी जॉर्ज बीचम यांच्या कल्पनेतून ‘फ्राइंग पॅन’ या नावाने ओळखली जाणारी गिटार घडली. तेव्हापासून चालत आलेला चुंबकीय पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती बारीक तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेटोळ्यात क्षीण वीज निर्माण होते. या कानाला फक्त लोखंडाची भाषा कळते. नायलॉनची तार त्याच्यासमोर कितीही कंप पावली, तरी तो ढिम्म. खोडाचे लाकूड त्याला थेट ऐकू येत नाही. ते तारेच्या कंपनावर जेवढा परिणाम करील तेवढेच त्याच्यापर्यंत पोचते.

पिएझोचा कान निराळा. जाक आणि पिएर क्यूरी या बंधूंनी १८८० साली दाखवून दिले की क्वार्ट्झ, टूर्मलिन यांसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युत्‌भार प्रकट होतो. ‘पिएझो’ हा शब्दही ‘दाबणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून आलेला आहे. आपल्या स्वयंपाकघरातला ‘टक’ असा आवाज करून गॅस पेटवणारा लायटर याच तत्त्वावर ठिणगी पाडतो. गिटारमध्ये हा घटक तार जेथे टेकते त्या सॅडलमध्ये किंवा सॅडलखाली बसतो आणि तेथला दाबाचा चढउतार टिपतो. तार पोलादाची आहे की नायलॉनची, याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

तारेच्या टेकूपाशी काय घडते, हे आपल्याकडच्या रसिकाला समजावून सांगावे लागू नये. तंबोऱ्याची जवारी लावणारा मिरजेचा कारागीर घोडीचा पृष्ठभाग किंचित घासतो, तारेखाली सुताचा धागा सरकवतो आणि सारा नाद पालटून जातो. परंतु त्या नादाला खाली भोपळा असतो. अकूस्टिक गिटारमध्येही सॅडलपासून निघालेले कंपन पातळ लाकडी तक्तपोशीला हलवते, तक्तपोशी पोटातल्या हवेला हलवते आणि मग तो नाद खोलीत पसरतो. भरीव खोडाच्या इलेक्ट्रिक गिटारला ना तक्तपोशी, ना पोकळी. तेथे सॅडलमध्ये स्फटिक बसवला की तो तार आणि टेकू यांचे बोलणे ऐकतो. भोपळ्याचे कोठून ऐकणार? जे हाती येते ते स्वच्छ, चटकन उमटणारे, काहीसे काचेसारखे असते. जोराने छेडल्यास त्यात एक चिरकेपणा येतो, त्याला इंग्रजी वादक बदकाच्या आवाजाची उपमा देतात. हा नाद वाईट नाही. तो तिसरा आहे, इतकेच. अलीकडे एखाद्या खऱ्या गिटारच्या अनुनादाची नोंद घेऊन ती डिजिटल यंत्रणेद्वारे या ध्वनीवर चढवता येते. पण ते दुसऱ्याच्या भोपळ्याचे अवतरण झाले.

‘अकूस्टिक म्हणजे अस्सल’ या समजुतीमागे बाजारही आहे. ‘एमटीव्ही अनप्लग्ड’ ही मालिका १९८९ साली सुरू झाली, आणि वीज नाकारणे हीच जणू प्रामाणिकपणाची खूण ठरली. १९९३ सालच्या नोव्हेंबरात ‘निर्वाणा’ने याच मालिकेसाठी केलेल्या कार्यक्रमात कर्ट कोबेनच्या हाती होती १९५९ सालची मार्टिन डी-१८ई. ही अकूस्टिक गिटार खरी, परंतु तिच्यावर चुंबकीय पिकअप होते आणि तिचा आवाज अ‍ॅम्प्लिफायरमधून येत होता. २०२० साली ती लिलावात साठ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली. आम्हांला यात फसवणूक दिसत नाही. त्या संध्याकाळचा नाद जसा होता तसाच थोर आहे. लेबल तेवढे चुकलेले आहे.

खरा कस लागतो तो तारजोडणीत, आणि या विषयातला आम्हांला सर्वांत रसाळ वाटणारा भाग हाच. पिएझोच्या तारा सरळ नेहमीच्या आवाजाच्या बटणाला जोडून टाकल्या तर काय होते? एखाद्या घटकाची धारिता ५०० पिकोफॅरड आणि पुढच्या बटणाचा रोध ५ लाख ओहम धरला, तर सुमारे ६४० हर्ट्‌झच्या खालचा ध्वनी उतरत्या प्रमाणात गळू लागतो. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्‌झवर बोलते. म्हणजे खर्ज जवळजवळ गेलाच. तोच रोध एक कोटी ओहम केला की गळतीची मर्यादा सुमारे ३२ हर्ट्‌झवर उतरते आणि खर्ज परत येतो. स्फटिक पूर्ण बोलतो तो त्याच्याकडून फार थोडे मागणाऱ्या श्रोत्यासमोर. हा श्रोता म्हणजे ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटासा प्रीअ‍ॅम्प्लिफायर. तो न बसवता ‘पिएझो पत्र्यासारखा वाजतो’ अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी आपण त्याला कसे ऐकतो आहोत ते तपासावे.

यानंतर प्रश्न येतो मिश्रणाचा. १९९३ सालच्या पार्कर फ्लायसारख्या गिटारमध्ये दोन्ही पिकअप मुळातच होते. जुन्या गिटारमध्ये मात्र हा निर्णय प्रत्येकाला स्वतः घ्यावा लागतो. बहुतेक जण दोन्ही ध्वनी एकत्र करून एकाच वायरने बाहेर काढतात. आमचे मत असे की शक्य तेथे ते वेगळे बाहेर काढावेत: चुंबकीय ध्वनी गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरकडे, पिएझोचा सभागृहाच्या ध्वनियंत्रणेकडे. गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर हा स्वतःच एक रंगीत चष्मा आहे. पिएझोचे वरचे स्वर त्याच्या स्पीकरमध्ये बोथट होतात.

मराठी कादंबरीच्या वाचकाला हा पेच नवा नाही. प्रमाणभाषेतल्या निवेदनात बोलीतले संवाद आणणे ही एक प्रकारची पिएझोजोडणीच आहे. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मध्ये (१९६०) निवेदन आणि वऱ्हाडी संवाद या दोन वाहिन्या वेगळ्या राहतात आणि म्हणूनच दोन्ही स्पष्ट ऐकू येतात. रा. रं. बोराडे यांनी ‘पाचोळा’मध्ये (१९७१) संपूर्ण निवेदनच मराठवाडी बोलीच्या स्वाधीन केले, तेथे कान एकच, आणि तोही भोपळ्यासह. ज्या लेखनात बोलीचे चार शब्द प्रमाण वाक्यात विरघळवून त्याला ‘अस्सल मातीचे’ म्हटले जाते, तेथे आम्हांला ते बदक ऐकू येते. वर्गात आम्ही हे उदाहरण दिले, तेव्हा गिटार वाजवणारे विद्यार्थी हसले आणि न वाजवणारे आमच्याकडे पाहत राहिले. असो.

ज्यांना हे काम करून घ्यायचे आहे त्यांच्यासाठी थोडे व्यावहारिक. नव्या बटणासाठी खोडाला भोक पाडू नये. दोन टोन-बटणे असतील तर त्यांतले एक पिएझोच्या आवाजाला द्यावे. दुसऱ्याची फारशी आठवण येत नाही. निवडीसाठी छोटा तीन टप्प्यांचा स्विच पुरतो. स्टिरिओ जॅकचा जादा संपर्क सहसा बॅटरी चालू-बंद करण्यात खर्ची पडतो, त्यामुळे दोन ध्वनी वेगळे काढायचे असल्यास आणखी एक संपर्क असलेला जॅक आणावा लागतो, आणि वाजवून झाल्यावर वायर काढून ठेवावी लागते, नाहीतर बॅटरी विनाकारण उतरत राहते. काढलेली जुनी सॅडल्स आणि मूळ तारजोडणीचा हाताने काढलेला नकाशा गिटारच्या पेटीतच ठेवावा. बटणावर काही लिहायचेच असेल, तर ‘पिएझो’ असे लिहावे.