वहिवाट श्वार्ट्झच्या दुकानाची

मॉन्ट्रियल शहराचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग करणारा सेंट लॉरेंट नावाचा जो लांबलचक रस्ता आहे, ज्याला येथील जुनी मंडळी नुसते ‘द मेन’ म्हणतात आणि ज्याच्या एका अंगाला फ्रेंच, तर दुसऱ्या अंगाला इंग्रजी वस्ती अशी वाटणी पूर्वापार मानली जात असे, त्याच रस्त्याच्या आसपास पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू निर्वासितांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपले संसार थाटले. कपड्यांचे कारखाने, प्रार्थनामंदिरे, यिद्दिश वर्तमानपत्रे आणि खाणावळी यांनी हा परिसर त्या काळी इतका गजबजलेला होता की, फ्रेंच आणि इंग्रजी यांच्या खालोखाल यिद्दिश हीच या शहराची तिसरी भाषा होती. रुमानियातून आलेल्या रूबेन श्वार्ट्झ यांनी १९२८ मध्ये येथेच आपले दुकान उघडले. वस्ती पुढे पांगली, कारखाने बंद पडले, परंतु दुकान चालू आहे आणि जेवणाच्या वेळी त्याच्या दारापुढे लागणारी रांगही चालू आहे. भारतातून कोणी पाहुणा आला आणि त्याला तेथील अन्न निषिद्ध नसले, तर मी त्याला अगत्याने या दुकानात घेऊन जातो.

दुकान अरुंद आहे. अनोळखी माणसाच्या खांद्याला खांदा लावून, त्याच्याच मेजावर बसावे लागते, आणि या सक्तीच्या शेजारामुळे संकोच फार वेळ टिकत नाही. येथला मुख्य पदार्थ म्हणजे ‘स्मोक्ड मीट’. गाईबैलाच्या छातीचे मांस मीठ, भरडलेली मिरी, धणे, लसूण अशा मसाल्यात सुमारे १० दिवस मुरवायचे, मग धुरावर शिजवायचे आणि वाढण्यापूर्वी काही तास वाफेवर ठेवायचे, अशी ही दीर्घ प्रक्रिया आहे. हे मांस वर्ज्य मानणाऱ्या वाचकांची संख्या मोठी आहे, याची मला जाणीव आहे. त्यांनी जिन्नस बाजूला ठेवून केवळ रीत पाहावी, अशी माझी त्यांना विनंती आहे.

कारण पाहण्यासारखा आहे तो कापणाऱ्याचा हात. वाफेतून काढलेला काळपट, मसाल्याची जाड साल चढलेला तुकडा तो फळीवर ठेवतो, काट्याने दाबून धरतो, मांसाचे धागे कोणत्या दिशेला गेले आहेत ते क्षणभर न्याहाळतो आणि त्या धाग्यांना आडवी अशी सुरी चालवतो. धाग्यांच्या दिशेने कापले तर घास चिवट होतो, आणि इतके मऊ झालेले मांस यंत्राच्या पात्याखाली चुरून जाते. म्हणून हे काम हातानेच करावे लागते. चरबी कमी हवी, मध्यम हवी की भरपूर, एवढेच गिऱ्हाइकाने सांगायचे. जाणकार मध्यम मागतात, आणि मीही तेच मागतो. राय धान्याच्या पावाचे दोन पातळ काप, त्यावर पिवळी मोहरी, मध्ये गुलाबी, वाफाळत्या चकत्यांचा हा एवढा ढीग, शेजारी मिठवणीत मुरलेली काकडी, कोबीची आंबट कोशिंबीर आणि काळ्या चेरीचा सोडा! पहिल्या घासात मिरी जिभेला चटका देते, मग धूर जाणवतो, आणि मिठाची चव सर्वांत शेवटी, परंतु सर्वांत अधिक काळ मागे रेंगाळते. इतके साधे आणि इतके परिपूर्ण अन्न मी फार थोड्या ठिकाणी खाल्ले आहे.

आता या दुकानाचे दफ्तर उलगडून पाहिले, तर मालकीची जी परंपरा दिसते ती विलक्षण आहे. श्वार्ट्झ यांच्यानंतर कारभार आला तो मॉरिस झ्ब्रिगर यांच्याकडे, आणि हे गृहस्थ व्यवसायाने व्हायोलिनवादक आणि संगीतकार होते. १९८१ मध्ये ते निवर्तले, तेव्हा ज्या आर्मांद शार्त्राँ या फ्रेंच-कॅनेडियन बाईंनी त्यांची शुश्रूषा केली होती, त्यांच्याकडे हे दुकान मृत्युपत्राने गेले. त्यांच्यापासून १९९९ मध्ये ते हाय डायमंड या हिशेबनिसाकडे आले, आणि २०१२ मध्ये गायिका सेलीन डिऑन आणि त्यांचे पती रने आंजेलील ज्यात भागीदार होते, अशा एका गटाने ते विकत घेतले. श्वार्ट्झ यांचा वंश यात कोठेच नाही. पाटी मात्र त्यांच्याच नावाची आहे, आणि मांस मुरवण्याची, वाफवण्याची, हाताने कापण्याची रीत या हातातून त्या हातात जात राहिली आहे.

याच शहरात १९०८ मध्ये स्थापन झालेले बेन्स नावाचे दुसरे विख्यात डेलिकेटेसन शेवटपर्यंत क्रॅविट्झ कुटुंबाच्याच हाती होते, आणि २००६ मध्ये कर्मचाऱ्यांच्या संपानंतर ते कायमचे बंद झाले. एका उदाहरणावरून सिद्धांत बांधू नये, हे खरे. विलेन्स्की यांचे १९३२ पासूनचे छोटे उपाहारगृह कुटुंबाच्याच हाती राहून टिकले आहे. परंतु तेथेही नियमाचाच अंमल आहे: सॅलामी घालून दाबून भाजलेला पाव मोहरी लावूनच मिळतो, आणि त्याचे दोन तुकडे करून दिले जात नाहीत, मग मागणारा कोणीही असो. अशा घरांना टिकवून धरते ते वतन नव्हे, वहिवाट, असे माझे निश्चित मत झाले आहे.

या मताला आधार मला आपल्या कोकणातच सापडतो. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला आपले पूर्वज गलबत फुटून लागले, असे सांगणाऱ्या बेने इस्राएल समाजाजवळ शतकानुशतके धर्मग्रंथ नव्हते, हिब्रू भाषाही विसरली गेली होती आणि घरात मराठी नांदत होती. परंतु शनिवारी तेलाचा घाणा बंद राही, आणि म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणे. आख्यायिका अशी आहे की, डेव्हिड रहाबी नावाच्या ज्यू गृहस्थाने त्यांची परीक्षा पाहण्यासाठी बायकांपुढे मिश्र मासळी ठेवली, तेव्हा त्यांनी पर आणि खवले नसलेले मासे विनासायास वेगळे काढले, आणि त्यावरून त्याने आपले बांधव ओळखले. ग्रंथ गेला, भाषा गेली, तरी धर्म चुलीपाशी शाबूत राहिला! पोहे, ओले खोबरे, गोड आणि फळे यांचा मलिदा एलियाहू हनबी या प्रेषिताच्या नावाने त्यांच्या घरी आजही होतो. आणि हिंदू शेजाऱ्यांच्या सहवासात यांनी गोमांसही पिढ्यानपिढ्या टाळले. रुमानियात जे मसाल्यात मुरवलेले मांस मुख्यतः हंसाचे करीत, ते अमेरिका खंडात आल्यावर स्वस्त मिळणाऱ्या गोमांसाचे करू लागणारे ज्यू आणि अष्टागरात मलिद्यासाठी पोहे भिजवणारे ज्यू, दोघांनीही जिन्नस शेजारधर्मातून घेतला आणि आपली शिस्त मात्र सोडली नाही.

कॅनडातील मराठी घरांतून आपल्या नातवंडांविषयी जी चिंता मला वारंवार ऐकू येते, तिच्यासंबंधी म्हणून मला एवढेच सुचवायचे आहे. मुलांना वारशाची महती सांगण्यात आपला जितका वेळ जातो, त्याच्या निम्मा जरी पुरण वाटण्यात, कणीक तिंबण्यात, उकडीच्या पारीला कळ्या पाडायला शिकवण्यात खर्ची पडला, तर अधिक काही हाती लागेल. आणि शेजारची फ्रेंच सून किंवा पोर्तुगीज जावई ते शिकायला बसला, तर त्याला पाहुणा न मानता पाट मांडून द्यावा, आणि त्याची पोळी बिघडली तर आपल्या मुलाची दुरुस्त करावी तशीच ती दुरुस्त करावी. आपल्या माघारी आपले घर कोण चालवील, हे जन्मावरून ठरवता येत नाही; ते काम ज्याला मनापासून येते त्याच्याच स्वाधीन निर्धास्तपणे करावे.