दाद मागण्याची किंमत

जिल्हा रुग्णालयातील वैद्यकीय मंडळ प्रमाणपत्रावर ३८ टक्के असा आकडा लिहिते आणि समोरचा माणूस कायद्याने आखलेल्या एका रेषेच्या अलीकडेच राहतो. ही रेषा ४० टक्क्यांची आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ने दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांना मान्यता दिली. १९९५च्या कायद्यात ते अवघे सात होते. पण सरकारी नोकऱ्यांतील किमान ४ टक्के आरक्षण, उच्च शिक्षणातील किमान ५ टक्के जागा आणि अनेक राज्यांचे पेन्शन ही दारे ४० टक्क्यांनंतरच उघडतात. उरलेल्या दोन टक्क्यांसाठी अपील करावे की मुकाट्याने घरी जावे, हा प्रश्न त्या माणसाच्या पदरात टाकून व्यवस्था मोकळी होते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण अशा वेळी त्याला सांगणारे पुष्कळ भेटतात. मला ती या बाबतीत मान्य नाही. पण ती त्याला पटते यात त्याचा दोष आहे, असेही मी म्हणणार नाही.

कायदा काय देतो ते आधी पाहू. कलम ५९नुसार प्रमाणपत्र देणाऱ्या प्राधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध अपील करता येते. मात्र ते किती दिवसांत, कोणत्या रीतीने आणि कोणाकडे करायचे, हे ठरवण्याचे काम राज्य सरकारांवर सोपवलेले आहे. निकाल किती दिवसांत लागावा, याविषयी कलम काहीही बोलत नाही. मिळत असलेला लाभ अपील चालू असताना सुरू राहील का, याविषयीही मौन. दार ठेवले आहे, पण दाराशी थांबणाऱ्यासाठी ओसरी ठेवलेली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर महाराष्ट्रातील एका वैद्यकीय प्रवेशेच्छू विद्यार्थ्याचे प्रकरण आले. गंमत अशी, की त्याचे वाचादोषाचे दिव्यांगत्व ४० टक्क्यांहून अधिक भरल्यामुळे तो अपात्र ठरला होता. केवळ आकड्यावरून कोणाला बाद करता येणार नाही, विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का हे मंडळाने पाहिले पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. त्याचबरोबर अपिलाची यंत्रणा उभी राहीपर्यंत अशा मंडळांच्या प्रतिकूल निर्णयांना न्यायालयात आव्हान देता येईल, असेही स्पष्ट केले. निकाल प्रवेशापुरता होता. पण दाद मागण्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावे लागते आणि खाली यंत्रणाच नसते, ही गोष्ट त्यातून उघडी पडली.

प्रवेशाच्या बाबतीत एक वर्ष बुडते. पेन्शनच्या बाबतीत चूल अडते. आंध्र प्रदेशाने जुलै २०२४ पासून दिव्यांगांचे मासिक पेन्शन ३,००० वरून ६,००० रुपयांवर नेले. अंथरुणाला पूर्णपणे खिळलेल्यांना १५,००० रुपये देऊ केले. देशातील ही सर्वांत भरघोस रकमांपैकी एक. रक्कम वाढली तशी शंकाही वाढली आणि २०२५ मध्ये राज्याने लाभार्थ्यांची नव्याने वैद्यकीय तपासणी हाती घेतली. टक्केवारी ४०च्या खाली आली, असे सांगणाऱ्या नोटिसा ऑगस्टमध्ये घरोघर पोहोचल्या. कित्येक वर्षे पेन्शन घेणाऱ्या माणसाला अचानक कळले, की आपण पुरेसे दिव्यांग नाही. आंदोलने झाली. मग पात्र व्यक्तीचे पेन्शन बंद होणार नाही, अपील करावे, फेरतपासणी होईल, अशी ग्वाही सरकारला द्यावी लागली.

खोटी प्रमाणपत्रे नसतातच, असे माझे म्हणणे नाही. २०२४ मध्ये एका परिविक्षाधीन सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून महाराष्ट्रातूनच उठलेले वादळ वाचकांच्या स्मरणात असेल. त्या प्रकरणानंतर दिव्यांग उमेदवाराकडे पाहण्याची नजर देशभर संशयी झाली. पण संशयाची चौकशी करणे वेगळे आणि निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार सरसकट सर्वांवर टाकणे वेगळे. नोटीस पाठवायला सरकारला टपालाइतकाच खर्च येतो. तिला उत्तर द्यायला चाकाच्या खुर्चीतील माणसाला रिक्षा, सोबतीच्या माणसाची बुडालेली मजुरी, नवे क्ष-किरण आणि रुग्णालयाच्या दोन-तीन खेपा इतका खर्च येतो. आंध्रात ६,००० रुपये पणाला लागलेले असल्याने हा हिशेब तरी बसतो. इतरत्र?

केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना २००९ मध्ये सुरू झाली. तिच्यातून मिळतात महिना ३०० रुपये, आणि २०१२ पासून हा आकडा तसूभरही हललेला नाही. राज्ये आपापली भर घालतात; कुठे ती भरीव असते, कुठे नाममात्र. जिथे ती नाममात्र आहे, तिथे अपील म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. लोक अपील करत नाहीत याचा अर्थ निर्णय बिनचूक असतात असा काढणाऱ्या अधिकाऱ्यांनी हे गणित एकदा स्वतः मांडून पाहावे.

तरीही अपील करावे, असे मला वाटते, आणि त्याचे कारण पेन्शनच्या रकमेत नाही. टक्केवारी ही एका योजनेपुरती राहत नाही. आज पेन्शनसाठी मान्य केलेला ३८चा आकडा उद्या मुलीच्या महाविद्यालयीन प्रवेशात आणि परवा नोकरीच्या अर्जात तिच्यासमोर उभा राहतो. म्हणून अपील करायचे ते आकड्याविरुद्ध.

मात्र त्याआधी नकार नेमका कशाला आहे, हे ओळखले पाहिजे. रुग्णालयाने टक्केवारी कमी दिली, तर वाट कलम ५९ची. टक्केवारी पुरेशी असूनही दारिद्र्यरेषेची यादी, वयाचा दाखला, आधारवरील नावातील एखादी वेलांटी किंवा बंद पडलेले बँक खाते यामुळे अर्ज अडला असेल, तर वैद्यकीय अपिलाचा काडीचाही उपयोग नाही. तिथे तहसील, पंचायत किंवा नगरपालिकेचे दार ठोठावावे लागते. चुकीच्या दारात महिने घालवणारी माणसे मी पाहिली आहेत. दोन्ही नकारांच्या कागदांवर शिक्का सरकारचाच असल्यामुळे हा गोंधळ होतो. नकार कारणांसह लेखी मिळणे हा हक्क आहे आणि तो न मिळाल्यास तपासणीच्या नोंदी माहिती अधिकारात मागता येतात. उत्तराची मुदत ३० दिवस. कारण हाती आल्याशिवाय अपील लिहू नये.

त्या नोंदींत काय शोधायचे? एक उदाहरण देतो. एका डोळ्याची दृष्टी पूर्ण गेली आणि दुसरा डोळा निर्दोष असला, तर मार्गदर्शक तत्त्वांनुसार दिव्यांगत्व ३० टक्के धरतात. त्याच माणसाच्या पायात जुन्या अपघाताने २० टक्के दिव्यांगत्व आले असेल, तर दोन आकड्यांची सरळ बेरीज होत नाही. त्यासाठी सूत्र आहे. ९० मधून मोठा आकडा वजा करायचा, आलेल्या ६०ला लहान आकड्याने, म्हणजे २०ने, गुणून ९०ने भागायचे. उत्तर साधारण १३ येते. ते ३०त मिळवले, की ४३. म्हणजे दोन्ही तपासण्या झाल्या तर माणूस रेषेच्या पलीकडे, एकच झाली तर अलीकडे. नेत्रतज्ज्ञ आणि अस्थिरोगतज्ज्ञ एकाच दिवशी एकाच टेबलाशी बसतील, अशी आपल्या जिल्हा रुग्णालयांची स्थिती नाही. ‘डोळ्याचे झाले, पायासाठी पुढच्या आठवड्यात या’ या एका वाक्यात १३ टक्के हरवू शकतात. अशा चुकीविरुद्ध अपील न करणे हे मला नुसते सोसणे वाटते.

फेरतपासणीत आकडा आणखी घसरला तर, ही भीती खरी आहे. तसे होणार नाही, अशी हमी कायदा देत नाही. ज्याच्या हाती ४२ टक्क्यांचे प्रमाणपत्र आहे आणि ज्याला ५० हवे आहेत, त्याने दहादा विचार करावा. ज्याला ३८ मिळाले, त्याच्याजवळ गमावण्यासारखे फारसे उरलेले नसते. शिवाय विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार दिव्यांग व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. ही तरतूद जिल्हा न्यायालयाच्या आवारातील फलकावर लिहिलेली असते. रुग्णालयाच्या ज्या खिडकीतून नकार मिळतो, तिथे ती का लिहिलेली नसते, हे मला आजवर कळलेले नाही.

सरकारने करायच्या गोष्टी फार अवघड नाहीत. नोटिशीबरोबर तपासणीचा तक्ता आणि हिशेब द्यावा. आधीपासून लाभ घेणाऱ्याने मुदतीत अपील केले, तर निकालापर्यंत पेन्शन चालू ठेवावे, आणि ते आंदोलनानंतर दिलेल्या ग्वाहीने नव्हे, नियमाने. अपिलाच्या निकालाला दिवसांची मर्यादा घालावी. २०१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत दिव्यांगांपैकी केवळ २८.८ टक्के लोकांकडेच प्रमाणपत्र असल्याचे आढळले होते. तेव्हा यंत्रणेची चिंता खोट्यांपेक्षा राहून गेलेल्यांची असायला हवी.

काही अन्याय मात्र कोणत्याही अपिलाच्या कक्षेत येत नाहीत. संसदेचा कायदा ४० टक्क्यांना उंबरठा मानतो, तर केंद्राची पेन्शन योजना ८० टक्के मागते. ६५ टक्के दिव्यांगत्व असलेल्या मजुराच्या बाबतीत मंडळाचा आकडा अचूक असतो आणि पेन्शन तरीही मिळत नाही. कलम २४ म्हणते, दिव्यांगांना मिळणारे साहाय्य इतरांसाठीच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्क्यांनी अधिक असावे. राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रमात ८० वर्षांच्या वृद्धाला केंद्र ५०० रुपये देते. ८० वर्षांच्या दिव्यांगालाही ५००च. कलम ५९खाली या आकड्याविरुद्ध अपील करता येत नाही.